आजीचं माहेरचं नाव काय?

बुधवारची रात्र, साडेनऊ वाजलेले. तुम्ही ट्रॅफिकशी झुंज देऊन नुकतेच घरात शिरलात, भाजी मायक्रोवेव्हमध्ये ढकलली आणि तेवढ्यात दुसरीतलं कन्यारत्न जाहीर करतं, ‘‘आई, उद्या फॅमिली ट्री न्यायचाय!’’

मग काय, चार्ट पेपरसाठी धावाधाव. नेटवरून एक छानसं झाड डाउनलोड. बुंध्यावर बाईसाहेबांचा पासपोर्ट साइज फोटो, त्याच्या वर आई-बाबा, त्यांच्या वर दोन आज्या आणि दोन आजोबा. इथवर सगळं सुरळीत. आणि मग पोरगी विचारते, ‘‘आजीच्या आईचं नाव काय?’’ बाबा आईकडे बघतो, आई घड्याळाकडे. गावी फोन करायला आता उशीर झालाय. शेवटी त्या फांदीवर एक लाल सफरचंद चिकटवून वेळ मारून नेली जाते. टीचर ‘व्हेरी गुड’चा स्टार देतात आणि विषय संपतो.

गंमत बघा, आपल्या आईचं माहेरचं आडनाव आपल्याला अगदी आपुलकीनं विचारणारा एकच माणूस असतो, बँकेच्या कॉल सेंटरवरचा! त्याला आपण ते धडाधडा सांगतो. त्यानं उद्या आजीचं माहेरचं आडनाव विचारलं, तर निम्म्या महाराष्ट्राची कार्डं ब्लॉक होतील.

तर मंडळी, आजचा विषय हाच. मुलांना आपल्या घराचा इतिहास शोधायला मदत कशी करायची? सुरुवातीलाच सांगून टाकते. हा शोध चार्ट पेपरपासून सुरू करू नका, तहसील कचेरीपासून तर मुळीच नको. आजीपासून सुरू करा. कागद रेकॉर्ड रूममध्ये आणखी पन्नास वर्षं पडून राहतील. आजीकडे तेवढी सवड नाही.

वीस प्रश्नांची गोष्ट

‘कशाला हवंय हे सगळं? आधीच अबॅकस आहे, स्विमिंग आहे, स्केटिंग आहे...’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं सायन्स. अमेरिकेत अटलांटा इथं एमरी विद्यापीठ आहे. तिथले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी २००१च्या सुमारास मुलांसाठी वीस प्रश्नांची एक यादी बनवली. प्रश्न अगदी साधे. तुझे आईबाबा एकमेकांना कुठे भेटले, हे तुला माहितेय? आजी-आजोबा कुठे वाढले? तू जन्मलास तेव्हा काय काय घडलं? म्हणजे ज्या गोष्टी मुलानं स्वतः पाहिलेल्याच नाहीत, कुणीतरी सांगितल्या तरच कळतात अशा. निष्कर्ष असा निघाला, की ज्या मुलांना यातली जास्त उत्तरं माहीत होती त्यांचा स्वतःवर विश्वास जास्त होता आणि आपलं आयुष्य आपल्या हातात आहे ही भावनाही.

लगेच यादी लॅमिनेट करून फ्रिजवर लावू नका! उत्तरं पाठ करून घेतल्यानं मूल कणखर होत नाही, हे खुद्द ड्यूक यांनीच बजावलंय. खरा फायदा आहे तो ज्या घरात अशा गप्पा होतात त्या घरात वाढण्याचा. जेवताना, गाडीत, झोपताना कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगत असतं, त्या सवयीचा.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. घरोघरच्या गोष्टी साधारण तीन प्रकारच्या असतात, असं हे संशोधक सांगतात. एक, ‘आम्ही शून्यातून वर आलो.’ दोन, ‘आमचं सगळं होतं, पण गेलं.’ आणि तीन, ‘कधी वर गेलो, कधी आपटलो, पण एकमेकांना धरून राहिलो.’ मुलांना सगळ्यात जास्त बळ देते ती तिसरी. म्हणजे आजोबांच्या प्रमोशनबरोबर त्यांचं नापास होणंही सांगायला हवं. पटतंय?

पानशेतच्या आधी की नंतर?

आता प्रत्यक्ष कामाला लागू. मुलानं आजीसमोर बसून ‘तुझ्या लहानपणाबद्दल सांग’ म्हटलं, की आजीचं उत्तर ठरलेलं, ‘‘काय सांगू बाळा, गरिबी होती.’’ पुढे गाडी सरकत नाही. कारण प्रश्न फार मोठा आहे. लहान प्रश्न द्या. घरात पाणी कुठून यायचं? शाळेत जाताना वाटेत काय लागायचं? मार कशासाठी खाल्लास? पहिल्या पगारातून काय घेतलंस? मुंबईत आल्यावर पहिली रात्र कुठे झोपलात? एकेका प्रश्नाला अर्धा अर्धा तास मिळतो.

तारखांच्या मागे मात्र लागू नका. आपल्याकडे एका विशिष्ट पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, हे तुमच्या लक्षात आलंय का? त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्रात एवढे पाळणे कसे हलले? सोपं आहे. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. मग गुरुजींनी वय अंदाजे धरलं आणि १ जून टाकली. ती तारीख पुढे दाखल्यावर, नोकरीत, पेन्शनमध्ये आणि आधार कार्डावर जन्मभर चिकटली.

मग खरी तारीख काढायची कशी? मोठ्या घटनांच्या आधारानं. पुण्यातल्या आजीला विचारा, पानशेतचा पूर आला तेव्हा तू केवढी होतीस? तो दिवस १२ जुलै १९६१. सातारा-कराडकडच्यांना कोयनेचा भूकंप विचारा, ११ डिसेंबर १९६७ची पहाट. मराठवाड्यातल्या घरात बहात्तरचा दुष्काळ विचारा, रोजगार हमीच्या आधीची ती दुष्काळी कामं आणि लाल मिलोच्या भाकरी न विसरलेलं कुणी ना कुणी भेटेलच. लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. गिरणगावातल्या आजोबांना १८ जानेवारी १९८२, संप. गोव्याच्या पणजीला १९ डिसेंबर १९६१, पोर्तुगीज गेले तो दिवस.

‘कोयनेच्या भूकंपाच्या वेळी मी चौथीत होते,’ असं आजी म्हणाली, की गणित मुलाला करू द्या. चौथी म्हणजे नऊ वर्षं. १९६७मधून नऊ वजा. आजी १९५८ची! शाळेच्या दाखल्यावरचा १ जून १९५६ गेला उडत. पोराला इतिहास आणि वजाबाकी एकाच वेळी आवडल्याचं दृश्य फार दुर्मिळ असतं, ते चुकवू नका.

दोन यमुना

आता सगळ्यात अवघड भाग. बायकांची नावं.

आपल्याकडे लग्नात ताम्हणात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहायची पद्धत. आडनाव बदलणार हे गृहीतच, बऱ्याचदा पाळण्यातलं नावही जायचं. डॉ. आनंदीबाई जोशी म्हणजे १८८६मध्ये अमेरिकेतून डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्या आपल्या आनंदीबाई. त्यांचं माहेरचं नाव यमुना. ‘सेवासदन’च्या रमाबाई रानडे, माहेरच्या कुर्लेकर. त्यांचंही पाळण्यातलं नाव यमुना! या दोघी प्रसिद्ध, म्हणून त्यांची ‘आधीची’ नावं पुस्तकांत राहिली. आपल्या घरातल्या यमुनेचं काय?

माझी एक मैत्रीण आहे, हिंजवडीत आयटीत. तिच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी गेल्या दिवाळीत साफसफाईच्या नावाखाली माळ्यावर चढाई केली आणि तिथून एक स्टीलचं फुलपात्र घेऊन खाली उतरले. त्यावर कोरलं होतं, ‘कु. कुसुम, इ. ७ वी, प्रथम क्रमांक, १९७१’. तो ते घेऊन घरभर विचारत फिरला, ‘‘ही कुसुम कोण?’’ आईला माहीत नाही. बाबालाही माहीत नाही. शेवटी आजी भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘‘मीच की.’’

घरात सगळे तिला सुनंदा म्हणून ओळखतात. पोटच्या मुलाला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं, की आपली आई शाळेत पहिली यायची आणि तेव्हा तिचं नाव कुसुम होतं. सातवीच्या पुढची शाळा आठ किलोमीटरवर होती, म्हणून विषय तिथेच मिटला. ‘‘मला मास्तरीण व्हायचं होतं,’’ हे तिनं नातवाला सांगितलं, मुलाला कधीच नाही. का? नातवानं विचारलं म्हणून! आता त्या घरातल्या झाडावर ‘कुसुम’ असं मोठ्या अक्षरात लिहिलंय आणि ‘सुनंदा’ त्याच्या खाली, कंसात. मैत्रीण म्हणते, हल्ली नातू गृहपाठ घेऊन थेट आजीकडेच जातो.

कपाटातलं अर्काइव्ह

यावरून दुसरा मुद्दा. बाईचा माग काढायचा तर सरकारी दफ्तराआधी स्वयंपाकघर गाठा. आपल्याकडे लग्ना-मुंजीत भांड्यांवर नावं घालून द्यायची काय हौस होती! डबा उलटा करा, कळशीचा काठ बघा. ‘चि. सौ. कां. अमुक हिस मामांकडून सप्रेम भेट’, आणि खाली चक्क तारीख. देणारा कोण, नातं काय, दिवस कोणता, सगळं एका डब्यावर. मुलांना एक टॉर्च द्या आणि एक रविवार घरातली सगळी कोरलेली भांडी वाचायला लावा. ट्रेझर हंटच्या तोंडात मारेल असा खेळ आहे आणि फुकट!

मग जुन्या लग्नपत्रिका. ‘आपले नम्र’खाली अख्खं गणगोत हजर असतं. कोण मोठं, कोण धाकटं, कोणत्या काकाचं नाव मुद्दाम गाळलंय, सगळं कळतं. ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’खालची पिंकी, बबलू, सोनू ही मंडळी आज कुठे असतात, ते शोधून काढायचं काम मुलांना द्या. कुंडल्यांची भेंडोळी असतील तर त्यांत जन्मवेळ आणि गाव मिळतं. फोटोच्या मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असतो.

आणि ज्या घरांत डबेही नव्हते, कागदही नव्हते? तिथे आवाज होता. पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांनी भाऊ, लेकी, माहेर, सासर सगळं ओव्यांत गुंफून ठेवलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या ‘पारी’ म्हणजे ‘पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’नं २०१७पासून गाणाऱ्या बायकांच्या नावांसकट लोकांसमोर आणल्या. तुमच्या पणजीच्या दोन ओव्या आजीला आठवत असतील तर आज मोबाइलवर रेकॉर्ड करा. ‘नंतर करू’ म्हणू नका.

आता कागद

आजी झाली, डबे झाले, आता बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांना कागदांचा नाद लावायला हरकत नाही. यादी थोडक्यात.

शाळेचं जनरल रजिस्टर. आजोबा ज्या शाळेत शिकले तिथे त्यांच्या नावापुढे गाव, जन्मतारीख, जात आणि शाळा कधी सोडली हे लिहिलेलं असतं.

कोतवाल बुक. म्हणजे गाव नमुना नंबर १४, गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंद. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा हा शब्द एकदम बातम्यांत आला आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला.

मोडी लिपी. पणजोबांची पत्रं आणि दस्त यांच्यासाठी ती यावीच लागते. पुण्यात १९१०मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मोडीचे वर्गही भरतात. टीनएजरना ‘सीक्रेट कोड’ म्हणून शिकवा, पटकन उचलतात.

तीर्थोपाध्ये. नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलात तर आडनाव आणि मूळ गाव सांगा. तुमच्या घरातलं कुणी पूर्वी तिथे जाऊन गेलं असेल, तर उपाध्यायांच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं सापडू शकतात. तसेच कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात हेळवी. घरोघर जाऊन त्या त्या कुळाची वंशावळ म्हणून दाखवणारी ही मंडळी.

आणि सातबारा. त्याच्याबरोबरचे फेरफार नक्की काढा. घरातला कर्ता पुरुष गेला, की वारस म्हणून मुलगे आणि मुली सगळ्यांची नावं लागतात. मग पुढच्या एखाद्या फेरफारात हक्कसोडपत्र येतं आणि आत्यांची नावं कंसात जाऊन कमी होतात. मुलांनी विचारलं, ‘‘आत्याआजीचं नाव का काढलं?’’, तर काय सांगाल? मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ला आणि देशभर २००५ला कायद्यानं आला, हे सांगा. आणि तरीही माहेर तुटू नये म्हणून कित्येकींनी सही केली, हेही सांगा. अख्ख्या वंशावळीत एवढा मोठा धडा दुसरा मिळणार नाही.

कागदांत एक सापळा असतो, तोही सांगून ठेवते. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत. त्यामुळे रामचंद्र गणेश, गणेश रामचंद्र, पुन्हा रामचंद्र गणेश अशी रांग लागते आणि आजोबांच्या जागी खापरपणजोबा जाऊन बसतात. म्हणून प्रत्येक नावापुढे गाव आणि साल लिहायची सवय लावा. शक्य तिथे बायकोचं नावही. दोन रामचंद्र वेगळे करायला त्यांच्या बायकाच कामाला येतात!

सरदार घराणं आणि इतर अफवा

हा शोध सुरू झाला, की दोन गोष्टी हमखास होतात.

पहिली, घरातले एक काका सांगतात, ‘‘आपण मूळचे सरदार.’’ ऐकायला मस्त वाटतं. काकांचा मान ठेवून मुलाला एकच शब्द शिकवा, ‘‘कशावरून?’’ कागद असेल तर छान, नसेल तर ‘काका असं सांगतात’ एवढंच लिहायचं. इंटरनेटच्या जगात हे शिकलेलं मूल पुढे व्हॉट्सअ‍ॅपवरचं काहीही फॉरवर्ड करणार नाही.

दुसरी, पाच मिनिटांत जात येते. येणारच. आडनाव, कुलदैवत, गाव, दाखला, सगळीकडे ती बसलेली आहे. मूल विचारेल, ‘‘आपले आजोबा पाणी कुठून भरायचे?’’ त्याचं उत्तर काही घरांत ‘आमच्या विहिरीवरून’ असं आहे आणि काही घरांत ‘कुणी ओंजळीत ओतेल तेव्हा’ असं. दोन्ही घरांतल्या मुलांना खरं कळायला हवं. त्यातून अभिमान वाटायचा तर माणसांच्या धडपडीचा वाटू दे, कुळाचा नको.

बाकी दुखरे विषय असतातच. संपात गेलेली नोकरी, दारू, तुटलेलं लग्न, लहानपणी गेलेलं भावंड. वयानुसार सांगा, आणि आजीनं ‘नको रे तो विषय’ म्हटलं तर मुलाला तिथे थांबायला शिकवा. घरात दत्तक मूल असेल, एकटी आई असेल, दोन दोन बाबा असतील, तर छापील झाड बाजूला ठेवा आणि वेल काढा. वेलीला कुठूनही फुटवा येतो. आणि हो, तयार झालेली वंशावळ सोशल मीडियावर टाकू नका. कॉल सेंटरचा तो प्रश्न आठवतोय ना?

सरकारी कागद आता थोडा सुधारलाय, हेही खरं. महाराष्ट्रात १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला. तुमच्या छोट्या पिल्लाच्या नातवंडांना म्हणजे एका पणजीसाठी अडावं लागणार नाही. पण मागच्या पिढ्यांची सफरचंदं आपल्यालाच काढायची आहेत.

या आठवड्याचा होमवर्क

१. मुलाकडून दोन्ही आज्यांचं पाळण्यातलं नाव, माहेरचं आडनाव आणि माहेरचं गाव लिहून घ्या. तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

२. आजीच्या आईचं नाव. ते मिळालं तर आजीच्या आजीचं.

३. आजोबांचं नाव आजी घेणार नाही. मुलाला म्हणावं, ‘‘उखाणा घे!’’ आणि रेकॉर्ड करावं.

४. एक कोरलेला डबा, एक लग्नपत्रिका, एक फोटो. तिन्हींचे मोबाइलवर फोटो, आणि कोण कोण आहे ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं.

५. एक अपयशाची गोष्ट. घरातल्या कुणाचीही. तुमची असेल तर उत्तम.

हे वाचताय तेव्हा बहुधा लंच ब्रेक चालू असेल. रविवारची वाट कशाला बघायची? आत्ताच फोन लावा. आजी पहिल्या रिंगला उचलेल आणि आधी ‘‘जेवलास का?’’ विचारेल. हो म्हणा आणि मग तुमचा प्रश्न विचारा. संध्याकाळी मुलांनी विचारायच्या आधी तुम्हाला एक तरी उत्तर माहीत असू दे!